पाइप ठेव, गाडी दे!

सेकंड हॅण्ड स्पोर्ट्स बाइक घ्यायची म्हणून पुण्यात हिंडायला लागलं, की शहराचा एक वेगळाच नकाशा हाती लागतो. हिंजवडीचं बेसमेंट, नाना पेठेतली गल्ली, सिंहगड रोडवरची सोसायटी आणि संगम पुलाजवळचं आरटीओ. या नकाशावर सगळ्यात महाग मिळतो तो भरवसा.

पुणेकराला त्याचं वय विचारू नये, पहिली गाडी कोणती होती ते विचारावं. 'लूना' म्हणाला, तर समजा काका रिटायर झाले. 'चेतक' म्हणाला, तर घरात मुलांच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. 'आरएक्स हंड्रेड' म्हणताना डोळे चमकले, तर पन्नाशीच्या आसपास. 'पल्सर' म्हणजे चाळिशी. आणि 'केटीएम' म्हणाला, की ईएमआय अजून चालू आहे!

मी या शेवटच्या गटातला, फक्त ईएमआय नसलेला. वय सत्तावीस, घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला, आणि साठवलेले दीड लाख रुपये. नव्या स्पोर्ट्स बाइकचा ऑन-रोड आकडा ऐकला की आपला पगार एकदम केविलवाणा वाटायला लागतो. मग उरतो तो एकच फंडा. दुसऱ्याने हौसेने घ्यायची, त्याची हौस फिटली की आपण घ्यायची!

घरी विषय काढला. बाबा हसले. आईने चहा ओतता ओतता दोनच अटी घातल्या. ''ब्रेक चांगले हवेत. आणि गाडी तुझ्या नावावर हवी.'' दुसऱ्या अटीला इतिहास आहे. बाबांची सेकंड हॅण्ड स्कूटर शेवटपर्यंत कागदोपत्री पहिल्या मालकाचीच राहिली होती. 'करू नंतर ट्रान्स्फर' म्हणता म्हणता वर्षं गेली, मूळ मालक गाव सोडून गेला आणि शेवटी स्कूटर भंगारात द्यायलासुद्धा सही मिळेना. त्यामुळे आईच्या लेखी गाडी म्हणजे आधी आरसी बुक, मग चाकं.

चाकणचा माल

माझ्या मनात होती केटीएम आरसी ३९०. कंपनी ऑस्ट्रियाची, पण ही गाडी अस्सल आपल्या जिल्ह्यातली. २००७ साली बजाजने केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि छोट्या इंजिनांच्या केटीएम चाकणच्या कारखान्यात तयार व्हायला लागल्या. २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० आली, २०१३ मध्ये ड्यूक ३९० आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आरसी २०० व आरसी ३९०. म्हणजे जगभरच्या पोरांनी ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावलं, ती नाशिक रस्त्याने, आळंदीच्या पलीकडून निघत होती. आहे की नाही भारी?

इंजिन ३७३ सीसीचं, एकच सिलिंडर, ताकद ४३ हॉर्सपॉवरच्या आसपास. बाबांच्या पिढीच्या चेतकच्या पाचपट! २०१७ मध्ये या गाडीत बरेच बदल झाले. पोटाखाली असलेला सायलेन्सर बाजूला आला, पुढची डिस्क ३०० मिलीमीटरवरून ३२० झाली, थ्रॉटलची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक कारभार आला. ब्रेकची अट आईचीच असल्यामुळे मी ठरवलं, २०१७ नंतरचंच मॉडेल बघायचं.

अडचण वेगळीच होती. पुण्यात मूळ रूपातली सेकंड हॅण्ड आरसी सापडणं म्हणजे लक्ष्मी रोडला पार्किंग सापडणं. प्रत्येक गाडीवर मालकाने आपल्या कल्पनाशक्तीचे प्रयोग केलेले. पाइप बदललेला, फिल्टर बदललेला, लिव्हर लाल, मागचं मडगार्ड उडवलेलं, आरसे काडेपेटीएवढे. आणि जाहिरातीत ठरलेलं वाक्य : 'साठ हजारांच्या एक्स्ट्रा ॲक्सेसरीज, बघताच प्रेमात पडाल.'

पहिला मुक्काम : हिंजवडी

पहिली गाडी होती फेज वनजवळच्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. सोबत टीममधली मैत्रीण. ती दोन वर्षं ड्यूक चालवतेय, आणि गाडी बघायला जाताना खिशात टॉर्च ठेवते.

गाडी दिसायला म्हणजे अक्षरशः नवरी! पॉलिश केलेली, काळ्या-केशरी स्टिकरनी मढवलेली. मालक आमच्याच वयाचा, कंपनीचं आयकार्ड गळ्यात. त्याने बटण दाबलं आणि बेसमेंटमधल्या दोन कार ओरडायला लागल्या. ''काय आवाज आहे ना, भाई!'' तो म्हणाला. होता खरा. पोटात घुसणारा.

मैत्रिणीने आवाजाकडे लक्षच दिलं नाही. ती गुडघ्यावर बसली. आधी इंजिनच्या बाजूला लांबून हात धरला. इंजिन गरम होतं. मग माझ्या कानात म्हणाली, ''आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय. गार इंजिनला काय त्रास होतो ते आता कळणार नाही.'' मग तिने हँडल डावीकडे पूर्ण वळवून टॉर्च मारला, मग उजवीकडे. हँडल जिथे अडतं तिथे फ्रेमवर लोखंडाचा एक छोटा ठोकळा असतो, स्टॉपर. गाडी साधी घसरून पडली तर लिव्हर वाकते, फुटरेस्टचं टोक घासतं. पण पुढचं चाक जोरात कशावर तरी आदळलं, की हँडल झटक्याने फिरतं आणि तो स्टॉपर चेपतो. या गाडीचा स्टॉपर एका बाजूने चेपलेला होता, आणि त्याच्याभोवतीचा फ्रेमचा रंग बाकीच्या फ्रेमपेक्षा ताजा होता.

''पडली होती का कधी?'' मी विचारलं.

''एक स्क्रॅच नाही, भाई. आईशप्पथ.''

मग मी चावी फिरवली. चावी फिरवल्यावर मीटरमधला एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. इथे तो लागलाच नाही. म्हणजे एबीएस बंद पडलेलं होतं आणि दिव्याचीही वाट लावली होती, म्हणजे विचारायलाच नको! मागचं चाक लॉक करून स्टंट करणारी मंडळी हे उद्योग करतात. आपण मात्र पावसात वाकडच्या पुलाखाली ब्रेक दाबणार, तेव्हा चाक लॉक होऊन रस्त्याला नमस्कार!

मीटरवर ११ हजार किलोमीटर. टायरच्या बाजूला कारखान्याची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचा मागचा टायर बराच नंतरचा होता, आणि पुढच्या डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार आली होती. ११ हजारांत एवढी झीज होत नाही. डिजिटल मीटर मागे नेता येतं. डिस्क मागे नेता येत नाही.

आम्ही 'कळवतो' म्हणून निघालो. पुण्यात 'कळवतो'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

दुसरा मुक्काम : नाना पेठ

शनिवारी दुपारी नाना पेठेत गेलो. टू-व्हीलरचं सामान म्हटलं की पुणेकराचे पाय आपोआप इकडे वळतात. दुकानाच्या दारात सीट कव्हरच्या माळा, आत छतापर्यंत डबे, फुटपाथवर पाना घेऊन बसलेली पोरं. एकजण स्कूटीला गार्ड लावतोय, दुसरा बुलेटचे आरसे बदलतोय, तिसरा चहा वाटतोय. ग्रीस, नवं रबर आणि तळलेल्या भज्यांचा एकत्र वास. ज्याला हा वास आवडतो त्याला गाड्या कळायला लागल्या असं समजावं.

मैत्रिणीच्या ओळखीचे एक मेकॅनिक काका तिथे बसतात. साठीचे, चष्मा कपाळावर. मी त्यांना जाहिरातींतली 'एक्स्ट्रा'ची यादी वाचून दाखवली आणि विचारलं, ''काका, याचे खरंच साठ हजार होतात का?''

काका म्हणाले, ''घेतानाचे होतात. विकतानाचे कोण देतो?''

मग त्यांनी जो फंडा सांगितला, तो मी फोनमध्ये लिहून ठेवलाय. ''सामान तीन प्रकारचं. गाडी थांबवणारं, गाडी वाचवणारं आणि गाडी वाजवणारं. पहिल्याला पैसे दे. दुसऱ्याला थोडे दे. तिसऱ्याला दमडी देऊ नको.''

थांबवणारं म्हणजे चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, नीट ठेवलेलं सस्पेन्शन. वाचवणारं म्हणजे फ्रेम स्लायडर, रेडिएटरची जाळी. आणि वाजवणारं म्हणजे अर्थात पाइप. पाइपावर स्लोव्हेनियाच्या आक्रापोविच कंपनीचं नाव दिसलं की पोरांचे डोळे विस्फारतात. काकांनी शेल्फवरून एक स्टिकर काढून माझ्या हातात ठेवला. तेच नाव, तोच लाल रंग, पाठीमागे गोंद. ''घे, तुझ्या डब्याला लाव. तोपण आक्रापोविच होईल!''

काकांचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा होता. फुल सिस्टिम पाइप लावला, मोकळा फिल्टर बसवला, की इंजिनात हवेचं गणित बदलतं. पेट्रोल किती सोडायचं हे गाडीचा ईसीयू ठरवतो, आणि त्याला या बदलाबद्दल कुणी काही सांगितलेलंच नसतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग थ्रॉटल सोडला की मागून फटफट फटाके वाजतात. मालकाला वाटतं रेसिंग, काकांना वाटतं बिघाड. हे नीट करायला वेगळा ट्यूनिंग बॉक्स लागतो. बंगळुरूत बनणारा पॉवरट्रॉनिक हा त्यातला प्रसिद्ध. शिवाय फुल सिस्टिमबरोबर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघून जातो, मग पीयूसीच्या वेळी बोंबाबोंब.

आणि पोलीस? पुंगळी काढलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. नियम साधा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रूपात आपल्या मनाने बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इथे 'मालक' हा शब्द महत्त्वाचा. पाइप लावला पहिल्याने, पण गाडी नावावर झाली की जबाबदार आपण. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांवरून क्लेम अडू शकतो, तो वेगळाच.

निघताना काका म्हणाले, ''एकच प्रश्न विचार. ओरिजिनल सामान कुठंय? ज्याने जपून ठेवलं, त्याने गाडीपण जपली असणार.''

परराज्यातली पाहुणी

दुसरी गाडी विमाननगरला. भाव ऐकून उडालोच. एक लाख पाच हजार! नंबर प्लेट दिल्लीची. पुण्यात हे नवीन नाही. सिग्नलला उभं राहिलं की कर्नाटक, यूपी, दिल्ली, तेलंगण असं अख्खं राष्ट्रगीत बाजूला उभं असतं. शिकायला, नोकरीला आलेली मंडळी गाडी घेऊन येतात. शिवाय दिल्लीच्या करोल बागेत जुन्या बाइकचा मोठा बाजार आहे, तिथून स्वस्तात उचलून इकडे आणणारेही असतात.

गाडी ठीक होती. कागद बघितले आणि हिशेब सुरू झाला. परराज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी हवी, म्हणजे फॉर्म २८. मग इथला रोड टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा. तसंही दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नव्या नंबरासाठी अर्ज करावाच लागतो. आरसीवर बँकेचा बोजाही दिसत होता. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवता येतो.

''एनओसी?'' मी विचारलं.

''मिळून जाईल, सर. सध्या अशीच चालवा. टीटी फॉर्मवर सह्या आहेत ना.''

सह्या होत्या. खाली नाव कोणाचं? तिसऱ्याच माणसाचं, जो यांना कधी भेटलाच नव्हता. आईच्या दुसऱ्या अटीवर गाडी जागच्या जागी नापास.

सिंहगड रोड, सकाळी सात

तिसरी जाहिरात वाचून मी आधी हसलोच होतो. '२०१८ आरसी ३९०. एकदा पडली आहे. बिलं आहेत. इंजिन गार असताना बघायला या.' असं कुणी लिहितं का? मैत्रीण म्हणाली, ''यालाच आधी भेटू.''

वडगावच्या एका जुन्या सोसायटीत, रविवारी सकाळी सात वाजता, तो खाली उभा होता. तिशीतला माणूस, कडेवर वर्षाची मुलगी. गाडीवर कव्हर. कव्हर काढलं तर उजव्या फेअरिंगचा रंग डावीपेक्षा किंचित वेगळा. मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं.

''वारज्याच्या सर्व्हिस रोडला, पहिल्या पावसात. खडी होती, वळताना घसरली. वेग तीसच्या आसपास. उजवी फेअरिंग, क्लिप-ऑन हँडल, ब्रेक लिव्हर, फुटरेस्ट बदललं. ही बिलं. आणि हा माझा एक्स-रे, तो तुम्हाला नको असेल!'' तो हसला. मनगटात प्लेट होती.

मैत्रिणीने टॉर्च काढला. स्टॉपर दोन्हीकडे सरळ. फ्रेमचा रंग सगळीकडे सारखाच जुना. पुढच्या फोर्कवर हात फिरवला, तेल नाही. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं, कुठे अडकत नाही, म्हणजे कोनसेट चांगला. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून पाहिली, दातांवरून फार उचलली जात नव्हती. एबीएसचा दिवा लागला आणि पार्किंगमध्ये दहा फूट पुढे गेल्यावर विझला. मला तो दिवा बघून दिवाळीतली पहिली पणती पाहिल्यासारखं वाटलं.

मग गार इंजिनला बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. आवाज मात्र... अरे बाप रे! तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले. कडेवरची मुलगी रडायला लागली.

''हाच प्रॉब्लेम आहे,'' तो ओशाळून म्हणाला. ''पाइप कोईमतूरच्या ट्रॅकसाठी घेतला होता, करी मोटर स्पीडवेला. एकदाच गेलो. मग लग्न, मग ही. तेव्हापासून गाडी बाहेर काढायचीच लाज वाटते.''

खडकवासल्यापर्यंत

टेस्ट राइडसाठी तो मागे बसला नाही, स्वतःच्या स्कूटरवर सोबत आला. माझं ऑफिसचं आयकार्ड आणि मैत्रिणीची ड्यूक मात्र सोसायटीत ठेवून घेतली. मला ते आवडलं. जो सहज चावी देतो, त्याने गाडीही तशीच सहज कुणाकुणाला दिलेली असते.

धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासला. हा रस्ता पुणेकरांच्या पाठीच्या कण्यात लिहिलेला आहे. गडावर जाणारे, धरणावर कणीस खायला जाणारे, सायकलवाले, दूधवाले आणि स्पीडब्रेकर. आरसीची बसायची ढब पुढे वाकून, मनगटांवर भार टाकून. किरकटवाडीपर्यंत मनगटांनी कुरकूर सुरू केली होती. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हे झेपेल का? हा प्रश्न टेस्ट राइडमध्येच विचारायचा असतो, आणि उत्तर स्वतःच द्यायचं असतं. माझं उत्तर होतं, ऑफिसला बस आणि मित्राची कार, गाडी शनिवार-रविवारची.

मोकळा तुकडा मिळाला तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला. लिव्हरमध्ये एबीएसचा थरथराट जाणवला, गाडी सरळ रेषेत थांबली. हात सैल सोडला तरी हँडल एका बाजूला ओढत नव्हतं. चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला आणि धरणाची भिंत अशी काही जवळ आली, की कळलं, पोस्टर का लावतात ते.

पण त्याच वेळी रस्त्याच्या कडेला कणसाची शेगडी पेटवणाऱ्या मावशींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. २०१८ साली १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला आवाजाची मर्यादा होती ८० डेसिबल. डेसिबलचा हिशेब साधा नसतो, दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. हेल्मेटच्या आत मला ते संगीत वाटत होतं. मावशींनी हेल्मेट घातलेलं नव्हतं.

भाव

चौपाटीवर चहा घेताना बोलणी सुरू झाली. त्याची अपेक्षा पावणेदोन लाख. त्यात पाइप, ट्यूनिंग बॉक्स, फिल्टर, लिव्हर, फ्रेम स्लायडर आणि गेल्या वर्षी बदललेले दोन्ही टायर. बिलं समोर मांडलेली. एकही आकडा खोटा नव्हता, हीच तर पंचाईत! खोट्या माणसाशी घासाघीस सोपी असते.

मी काकांचा प्रश्न विचारला. ''ओरिजिनल सामान कुठंय?''

''माळ्यावर. सायलेन्सर, फिल्टर, आरसे, मागचं मडगार्ड, सगळं. पेपरात गुंडाळून ठेवलंय. बायको रोज म्हणते टाकून दे.''

मी म्हणालो, ''मग असं करू. पाइप, बॉक्स, फिल्टर, लिव्हर तुमच्याकडेच ठेवा. ट्रॅकवर जाणारा कुणीतरी चांगल्या भावात घेईल. मला गाडी द्या, जशी चाकणहून निघाली होती तशी. टायरचे आणि स्लायडरचे पैसे देतो.''

तो गप्प बसला. धरणाकडे बघत राहिला. मला वाटलं, व्यवहार फिसकटला. मग म्हणाला, ''तुम्ही पहिलेच. बाकी सगळे येतात, आवाज ऐकतात आणि फेअरिंगवरून भाव पाडतात. पडल्याचं लिहिलं नसतं तर आत्तापर्यंत गेलीपण असती.''

''मग लिहिलं का?''

''उद्या तुम्ही घाटात असताना तुम्हाला माहीत असायला नको?''

या वाक्यावर मी दोन हजार रुपये जास्त दिले असं मैत्रीण अजून म्हणते. सौदा एक लाख बेचाळीस हजारांवर तुटला. दुपारी आम्ही तिघांनी मिळून माळ्यावरचं सामान खाली काढलं. सायलेन्सरभोवतीचा पेपर पिवळा पडला होता, आत लोखंड मात्र कोरं. बसवून बटण दाबलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पुन्हा गॅलरीत आले आणि त्यांनी हात वर केला. आशीर्वाद असावा!

संगम पूल

मुळा आणि मुठा जिथे भेटतात, तिथून हाकेच्या अंतरावर पुण्याचं आरटीओ आहे. एमएच १२ ची अख्खी दुनिया या इमारतीतून गेली. आता बरंचसं काम परिवहन पोर्टलवर होतं, पण संगम पुलावरून जाताना अजूनही एजंटांच्या छत्र्या बघून आपसूक फायलीला हात जातो.

नाव बदलायला दोन फॉर्म मुख्य. २९ म्हणजे विकणाऱ्याने 'गाडी विकली' असं कळवायचं, ३० म्हणजे ट्रान्स्फरचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सोबत आरसी, विमा, पीयूसी. त्याआधी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बोजा आणि थकलेले ई-चलान तपासायचे. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून आरसीशी जुळवायचा, फोटोवरून नाही. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का, तेही बघायचं.

गंमत म्हणजे ट्रान्स्फरची घाई माझ्यापेक्षा त्याला जास्त होती. आणि ती बरोबर होती. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक. मधे गाडी कितीही हात फिरली असली, तरी अपघाताची भरपाई त्याच्या दारात येते. म्हणजे विकून टाकलेली गाडी तुम्हाला सोडत नाही. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं, पण गाडीच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करायला विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो. तो त्याने पडून, मनगटात प्लेट घालून घालवलाच होता, ते सोडा.

नव्या आरसीवर माझं नाव आलं, त्या दिवशी ते कार्ड मी आईच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून नाव वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि देवघरात ठेवलं. मग विचारलं, ''ब्रेक?''

सेकंड हॅण्ड गाडी घेण्याबद्दल वाचावं तेवढं कमी आहे. पण मंडळी, तीन आठवडे पुणं पालथं घालून मी जे शिकलो ते त्या दोन अटींत बसतं. ब्रेकच्या अटीत स्टॉपर, एबीएस, टायर, डिस्क, फोर्क सगळं आलं. नावाच्या अटीत एनओसी, बोजा, चलान, विमा सगळं आलं. पाइप कुठल्याच अटीत बसत नाही.

आता रविवारी पहाटे चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे निघतो. मुंबईचा एक्स्प्रेस वे दुचाकीला बंदच, त्यामुळे आपला स्वर्ग इकडेच. मुळशीच्या पाण्यावर धुकं असतं. वाटेतल्या वाडीत कुणीतरी ओट्यावर पांघरूण घेऊन झोपलेलं असतं, त्याच्या पायाशी कुत्रं. मी तिसऱ्या गिअरमध्ये समोरून जातो. कुत्रं एक कान हलवतं आणि परत झोपतं.